एस्टिल कॉम्ब्सने न सांगितलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुनी तिजोरी आहे. माझ्या दाराला, आकड्यांच्या चकतीच्या जरा वर, करंगळी जाईल एवढे एक भोक पडले होते. आता ते बुजवले आहे आणि वरून राखाडी रंगही फासला आहे, पण हात फिरवला तर खळगा लागतो. ते कसे पडले हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तिजोऱ्या स्वस्थ असतात असे तुम्हाला वाटत असेल. बाहेरून असतात.

माझा जन्म सिनसिनाटीच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला केंटकीच्या डोंगरात, एका कोळशाच्या खाणीच्या पगार कचेरीत आणले. दर शुक्रवारी दुपारी काळ्या चेहऱ्यांची माणसे खिडकीबाहेर रांग लावत आणि माझ्या दाराकडे अशी पाहत, की चर्चमधल्या पाद्र्यालाही हेवा वाटावा. पुढे खाण बंद पडली. कचेरीचे छप्पर गळू लागले. माझे दार उघडेच राहिले होते. दोन वर्षे एका कोंबडीने माझ्या खालच्या खणात अंडी घातली. मला त्याचा राग नाही. निदान कोणीतरी येत होते.

लिलावात मला चाळीस डॉलरला घेतले ते एस्टिल कॉम्ब्सने. तो त्याच खाणीत वायरमन होता. तीन मित्र आणि चार फळ्या लावून त्याने मला घराच्या मागच्या खोलीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी बसवले. कोंबडीची पिसे काढली, चाकांना तेल दिले, आणि पहिल्या झटक्यात कुलूप लागले तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास, म्हातारे!" अशी शाबासकी मला त्याआधी कोणी दिली नव्हती.

मी त्याला कशाला हवी होते? एका रायफलीसाठी. चाप ओढून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी ती स्वयंचलित रायफल. ही १९८३ सालची गोष्ट. रायफल नऊशे डॉलरची आणि वर सरकारी कर दोनशे डॉलर. बोटांचे ठसे, दोन फोटो, शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, सही. मग सहा महिने वाट. एस्टिल सगळ्यांना सांगे, "सरकारला दोनशे डॉलर, शेरीफला फुकटची करमणूक, आणि मला नुसती खिडकीतून टपालवाल्याची वाट!"

कागद मंजूर होण्याआधी रायफल विकणारा दुकानदार मला पाहायला आला. त्याने माझे दार ठोकून पाहिले.

"दार जाड आहे," तो म्हणाला. "आता तुझ्या तोंडालाही असंच दार बसव. आकडा बायकोला नको, पोरांनाही नको."

"का? ती काय चोर आहेत?"

"चोर नाहीत, म्हणूनच. तू घरी नसताना हे दार ज्याला उघडता येतं, त्याच्या ताब्यात बंदूक आहे असं सरकार धरू शकतं. कागद तुझ्या एकट्याच्या नावावर. दुसऱ्याच्या ताब्यात सापडली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग."

"बायको आत गेली तर माझ्या न्याहारीच्या गरम बिस्किटांचं काय होईल?" एस्टिल म्हणाला. पण तो हसला नाही.

त्या दिवसापासून तो चकती फिरवताना पाठ आडवी धरू लागला. त्याची बारा वर्षांची मुलगी नोरीन दारात उभी राहून विचारी, "डॅडी, आकडा काय आहे?" तो म्हणे, "नाही." एवढेच. कारण त्याने कधी सांगितले नाही. दुकानदाराचे बोलणे मी ऐकले होते, मला कारण ठाऊक होते. पण मला तोंड कुठे आहे?

वर्षातून एकदा, जुलैमध्ये, जुन्या दगडखाणीत गावातली अशीच नाद असलेली माणसे जमत. एस्टिल रायफल घेऊन जाई, दोन-तीन सेकंदांत तिला जोडलेली गोळ्यांची पेटी रिकामी करी, आणि संध्याकाळी साफसूफ करून ती परत माझ्या स्वाधीन करी. १९८६ साली नवा कायदा झाला. त्या मे महिन्यानंतर बनलेली अशी बंदूक साध्या नागरिकाला घेता येईना. मग जुन्या, नोंदलेल्या बंदुकांचे भाव चढत गेले; नऊशेची वस्तू तीस हजारांच्या पुढे गेली. लोक म्हणत, "एस्टिल, वीक की!" तो म्हणे, "मग जुलैत मी काय करू, विणकाम?"

त्याची बायको वारली. धाकटा मुलगा डेल ओहायोत स्थायिक झाला. एस्टिलला धाप लागू लागली, तेव्हा नोरीन नोकरी सोडून घरी आली. सहा वर्षे तिने त्याला सांभाळले. औषधांचा डबा तिच्याकडे, बँकेचे कार्ड तिच्याकडे, त्याच्या दाढीचे पातेही तिच्या हातात. आकडा तेवढा नाही. कपडे यंत्रात टाकताना ती कधीकधी माझ्याकडे पाही. मित्रांनो, परक्या माणसाकडेही कोणी असे पाहत नाही.

मागच्या मार्चमध्ये एस्टिल गेला. दफन झाले, शेजाऱ्यांनी जेवणासाठी आणलेले हॅम अजून संपले नव्हते, आणि डेल ट्रकमधून साखळ्या घेऊन मागच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"अख्खी उचलून नेतो," तो म्हणाला. "ओहायोत माझ्या मित्राकडे कटर आहे. तासाभरात उघडेल."

"कुठेही न्यायची नाही. आत रायफल आहे, तिला राज्याची हद्द ओलांडायला आधी परवानगी लागते. वकिलानं बजावलंय."

"वकील काय ट्रकमध्ये डोकावणार आहे?"

"डेल, मृत्युपत्राची व्यवस्था कोर्टानं माझ्यावर सोपवली आहे. काही झालं तर मान माझी जाईल."

"व्यवस्थापक बाई!" डेलने माझ्यावर बुक्की मारली. "सहा वर्षं त्याची लंगोटी धुतलीस, आणि आकडा? तुलाही नाही, मलाही नाही. आपल्या पोरांपेक्षा या लोखंडावर जास्त विश्वास!"

नोरीन धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही.

"शेवटच्या दिवशी मी विचारलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात. म्हटलं, डॅडी, आता तरी सांगा. त्यांनी मान हलवली. 'नाही' म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी काही बोललेच नाहीत."

डेल साखळ्या उचलून ट्रककडे गेला.

मी आत तीन चाके घेऊन बसले होते. तिन्ही आकडे मला पाठ होते, कारणही पाठ होते. एखाद्या घड्याळासारखी मला टिकटिक जरी करता आली असती! कोणी न फिरवता माझे चाक हलत नाही. तिच्या बापाचे शेवटचे उत्तर 'नाही' होते हे ती जन्मभर वाहणार, आणि मी यंत्राशेजारी थंडगार उभी राहणार.

दोन दिवसांनी हर्शेल टॅकेट आला. पंचाहत्तरीचा कुलूपवाला. आधी त्याने कोर्टाचा कागद मागितला, चष्मा पुसून दोनदा वाचला, आणि मग ड्रिल लावले. दुखले का म्हणाल तर दुखले. पण कधी एकदा आरपार होते असेही झाले होते. अर्ध्या तासाने कुलूप सुटले. टॅकेट मूठ न फिरवता मागे सरला.

"तू उघड, पोरी. आतल्या वस्तूला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सांभाळायलासुद्धा कुणाकडे द्यायची नाही, भाऊ असो की पाद्री. कागद होईपर्यंत."

नोरीनने दार उघडले. रायफल होती. प्लास्टिकच्या पाकिटात मंजुरीचा कागद होता, त्यावर दोनशे डॉलरचे कराचे तिकीट. आईची अंगठी होती. तिने पाकीट उलटे करून झटकले. पुन्हा झटकले. चिठ्ठी नव्हती.

"आकडा आणखी कुणाकडे होता?" टॅकेटने हत्यारे गोळा करत विचारले.

"कुणाकडेच नाही. माझ्यावर विश्वास नव्हता त्यांचा."

टॅकेट थबकला. "विश्वास? माझ्या एका गिऱ्हाइकानं आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. तो गावाला गेलेला, आणि सरकारचे लोक घर तपासायला आले. बायको बिचारी बंदुकीचं तोंडसुद्धा बघत नसे. सुटली शेवटी, पण दोन वर्षं वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. म्हणाले, दार उघडता येतं ना तुला? मग ताबा तुझा." त्याने चकतीवर बोट ठेवले. "तू या घरात राहत होतीस, तो दवाखान्यात. त्यानं आकडा सांगितला असता, तर त्या घटकेपासून तू अडकली असतीस. त्यानं तुला बाहेर ठेवलं, पोरी."

नोरीन यंत्राच्या कडेला टेकली.

"मग सांगायचं होतं ना तसं," ती म्हणाली. "एका वाक्याचं काम होतं. बेचाळीस वर्षं होती त्यांच्याकडे."

"होती," टॅकेट म्हणाला. "पण आम्ही म्हातारे असेच. आकडा आणि कारण एकाच खणात ठेवतो."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले, दोन्ही एकदमच. मग तिने त्याला हॅम बांधून दिले.

त्या आठवड्यात वकिलाने रायफल वारसाच्या नावावर करायचा अर्ज भरायला पाठवला. वारसाला कर लागत नाही. बोटांचे ठसे, फोटो आणि वाट पाहणे मात्र चुकत नाही. अर्ज माझ्या डोक्यावर पसरून तिने स्पीकरवर ओहायोला फोन लावला.

"डेल? रायफलचं नंतर ठरवू. आकड्याचं सांगायचंय." तिने सगळे सांगितले, सावकाश, मध्ये न थांबता.



"मला वाटायचं, मी विकून टाकीन अशी त्याला भीती होती," डेल म्हणाला.

"तीही असेलच."

"हो, तीही असेल." तो नाक ओढत होता. "थेरडा! बोलला का नाही गं कधी?"

"त्यांचं राहिलं," नोरीन म्हणाली. "म्हणून मी बोलतेय."

मित्रांनो, पोलादाचे दार कसे सांभाळायचे ते कुणीही शिकवील. तेल द्या, ओल लागू देऊ नका, आकडा जपा. माझे मागणे निराळे आहे. ज्यांच्यावर तुमची माया आहे त्यांच्यापासून एखादी गोष्ट लपवावी लागली तर खुशाल लपवा. पण का लपवली ते त्यांना सांगा, आणि तोंड आहे तोवर सांगा. टॅकेटचे ड्रिल लोखंडाला भोक पाडते. गेलेल्या माणसाच्या 'नाही'ला ते पाडता येत नाही.