मिनाबाईंचा जबाब

उद्धव सरांनी कागद मिनाबाईंपुढे सरकवला आणि टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. वाचून खाली सही करा, म्हणाले. मंगळवारी केंद्रप्रमुख चौकशीला येणार आहेत, त्यांच्यापुढेही बराबर हेच सांगायचं.

मिनाबाईंनी वाचलं. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की शुक्रवारी पोषण आहाराच्या वेळी मिना प्रेमदास खंदारे आत भात परातीत काढत होत्या, गरम वरणाचं पातेलं मदतनीस राणीच्या ताब्यात होतं, आणि राणी कोणाला न सांगता जागा सोडून गेल्यामुळे दुसरीतल्या गुंजनचा पाय पातेल्यात पडून भाजला.

त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. गुंजनचा पाय भाजला होता.

जवळा बाजारपासून पाऊण तासाच्या चालीवरच्या त्या गावात, त्या शाळेत मिनाबाई चौदा वर्षं स्वयंपाक करत होत्या. चुलीवरून उतरवलेलं पातेलं दोघींनी मिळून उचलायचं, ओट्यावर ठेवायचं आणि वर झाकण घालायचं, हा नियम त्यांनीच घातलेला. जूनपासून हाताखाली आलेल्या राणीलाही त्यांनी पहिल्या दिवशी तो पढवला होता. शुक्रवारी मात्र प्यायचं पाणी संपलं म्हणून त्यांनीच राणीला हापशीवर पाठवलं. व्हरांड्यात पोरं ताटल्या वाजवत होती. उशीर होतोय म्हणून मिनाबाईंनी एकटीनंच पातेलं ओढत दारापर्यंत आणलं, उंबऱ्याशी ठेवलं, आणि झाकण घ्यायला वळल्या तोच फोन वाजला. नांदेडहून ऐश्वर्याचा. लेकीचा नर्सिंगचा निकाल त्या दिवशी लागायचा होता. खोलीत आवाज तुटतो म्हणून त्या खिडकीपाशी गेल्या. लेक पास झाली होती. ते ऐकून त्या हसल्या, आणि ते हसू तोंडावर असतानाच मागे लेकरू किंचाळलं.

त्यांनीच गुंजनला उचललं, त्यांनीच टाकीखाली धरून गाडी येईपर्यंत तिच्या पायावर पाणी सोडलं. गुडघ्याखाली कातडी पांढरी पडत चालली होती. त्या वेळी राणी भरलेली घागर घेऊन फाटकातून आत येताना त्यांना दिसली होती.

"सर, राणीला मीच पाठवलं व्हतं," मिनाबाई म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मग ते हळू आवाजात समजावत राहिले. चौदा वर्षांत तुमच्या हातून भातात खडा आला नाही, राणी नवी आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल, तुम्हाला या वयात कोण ठेवणार? शिवाय शाळेचं नाव. शिवाय घरी प्रेमदास.

मिनाबाईंनी सही केली नाही. विचार करते म्हणाल्या, कागदाची घडी घातली आणि घरी आल्या.

प्रेमदास भिंती रंगवायचे. मागच्या वर्षी शिडीवरून पडल्यापासून त्यांच्या कमरेनं साथ सोडली होती आणि घर मिनाबाईंच्या कामावर चाललं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "देवापुढं कबूल कर. देव माफ करतो. सरकार करत न्हाई."

त्यात खोटं काही नव्हतं. शनिवारी सकाळी भाकरी थापताना मिनाबाईंनी देवापुढे सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही. पण लहानपणापासून ओळखीचा तो हलकेपणा आला नाही. उलट वाटलं, आपण शेजारच्या घराचं पत्र मुद्दाम दुसऱ्याच दारात टाकून आलो.

रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात अकरा कुटुंबं जमली. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायची; मनात खोट असताना ती घ्यायची नाही, असा रिवाज. त्याची भाकर नेहमीसारखी मिनाबाईंनीच भाजून आणली होती. गाणी झाली, वचन झालं, आणि भाकरीच्या तुकड्यांची ताटली हातोहात फिरत त्यांच्यापाशी आली. त्यांनी ती घेतली, क्षणभर धरली आणि तुकडा न उचलता पुढच्या बाईकडे दिली. रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

सभा संपल्यावर पाळक संतराम त्यांच्याजवळ येऊन बसले. आठवडाभर ते बाजारात सायकली दुरुस्त करत आणि रविवारी उपदेश. मिनाबाईंनी पातेल्यापासून कागदापर्यंत सगळं सांगितलं.

"खरं सांगू का, मला भ्या वाटून राहिलं," संतराम म्हणाले. "आधीच लोक आपल्याकडं येगळ्या नजरेनं बघतेत. आता म्हणतील, यायच्या बाईनं लेकरू भाजलं. पण तुमी गप्प बसा, हे माझ्या तोंडून निघणार न्हाई, बाई."

संध्याकाळी मिनाबाई राणीच्या घरी गेल्या. राणी अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं बसा म्हटलं नाही. गावात दोन दिवसांत तिच्या नावाची काय काय चर्चा झाली होती, ते तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरूनच कळत होतं.

"तुमीच पाठवलं व्हतं मला पाण्याला," ती मान वर न करता म्हणाली.

"व्हय. मंगळवारी तेच सांगते."

राणीनं फक्त एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तिला खरं वाटलं नव्हतं. मिनाबाईंना त्याचा राग आला नाही, कारण तोवर त्यांची त्यांनाही खात्री नव्हती. अंगणातून बाहेर पडताना मात्र ती झाली.

मंगळवारी केंद्रप्रमुखांसमोर मिनाबाई उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. सरांचा कागद त्यांनी टेबलावर परत ठेवला आणि सांगते तसंच लिहा म्हणाल्या: राणीला मी पाठवलं, पातेलं मी ओढलं, झाकण मी घातलं नाही, मी फोनवर बोलत होते. केंद्रप्रमुखांनी लिहिता लिहिता हात थांबवला. बाई, हे लिहिल्यावर काय होईल माहीत आहे ना, असं विचारलं.

"लिहा तुमी," मिनाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचून, एका जागी 'सांडलं' होतं तिथं 'ठेवलं' करून घेऊन सही केली. आठ दिवसांत त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत घरी बसवलेल्या राणीला परत बोलावलं. प्रेमदास दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सोयाबीन काढणीला बायका नेणाऱ्या मुकादमाला फोन केला आणि म्हणाले, "आमच्या मंडळीचं नाव लिवून घ्या. पण एक दिवसाआड येईल ती. तिला दुसरं काम हाय."

ते दुसरं काम अजून मिळालेलं नव्हतं.

गुंजन दोन आठवडे हिंगोलीच्या दवाखान्यात राहून नुकतीच घरी आली होती. एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यायला सांगितलं होतं. तिची आई बाळंतपणाला माहेरी हट्ट्याला गेलेली. बाप नरसिंग मळणी यंत्रावर, ऐन हंगामात त्याला सुट्टी नव्हती. घरात होती आजी, जनकाबाई, आणि तिचे गुडघे असे की घराची पायरी उतरताना भिंत धरावी लागे. पोरीला कडेवर घेऊन एसटीत चढणं तिच्यानं होणारं नव्हतं.

पहिल्या दिवशी मिनाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, दवाखान्यात मी नेते. जनकाबाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, तर दार उघडलंच नाही. त्या समोरच्या दगडावर दहा वाजेपर्यंत बसल्या आणि बस निघून गेल्यावर उठल्या. तिसऱ्या दिवशी नरसिंग बाहेर आला. आवाज न चढवता म्हणाला, "तुमी येऊ नका. तुमाला बघितलं की मला तो दिवस आठवते."

"मला बी आठवते," मिनाबाई म्हणाल्या. आणि चौथ्या दिवशी पुन्हा गेल्या.

गावात बोललं जाऊ लागलं. कोणी म्हणालं, पाप धुवायला येते. कोणी म्हणालं, लेकराला आपल्या धर्मात ओढायला येते. मिनाबाईंच्या कानावर सगळं येत होतं. त्यांनी येण्याची वेळ बदलली नाही, की खुलासे करत फिरल्या नाहीत. सकाळी नऊला त्या दगडावर असत.

पाचव्या दिवशी दार उघडलं. तोवर दोनदा ड्रेसिंग चुकलं होतं आणि पट्टी ओली होऊन वास मारू लागली होती. जनकाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"नेशील," ती म्हणाली, "पण एक सांगते. लेकरावर हात ठेवून काही पुटपुटायचं न्हाई. आमच्या घरात ते चालत न्हाई."

"न्हाई करणार, मावशी."

मिनाबाईंनी वाकून गुंजनला कडेवर घेतलं. पोर ताठ झाली होती. फाट्यापर्यंत तिनं त्यांच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही.

शब्द पाळणं वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही. जुनी पट्टी सोडवताना गुंजन ओरडायची, आणि मिनाबाईंचे ओठ सवयीनं हलायला लागायचे. त्या ते दातांखाली धरत. मनातल्या मनात करायला कोणाची आडकाठी नव्हती, पण तीही त्यांना पळवाटच वाटे. जनकाबाईनं लेकरू विश्वासानं दिलं होतं. दवाखान्यात त्या फक्त पोरीचं डोकं पोटाशी धरत आणि छतावरच्या पंख्याची पाती मोजायला लावत. गुंजनसाठी मागायचं ते त्या आपल्या घरी, आपल्या चुलीपुढे, तिचं नाव घेऊन मागत. एक दिवस शेतात, एक दिवस हिंगोलीला, असा दीड महिना गेला. परतीच्या बसमध्ये गुंजन कधी त्यांच्या मांडीवर झोपू लागली, ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. जनकाबाई बोलत नसे. पण दिवाळीच्या पुढेमागे एका सकाळी तिनं दाराशी कपभर चहा ठेवला आणि आत निघून गेली. मिनाबाईंनी चहा प्याला, कप हौदावर विसळून पालथा घातला.

प्रार्थनाघरात पुढच्या महिन्यात ताटली आली तेव्हा त्यांनी तुकडा उचलला. कोणी काही विचारलं नाही. संतरामांनी सभेपुढे उभं राहून साक्ष द्याल का म्हणून विचारलं होतं, त्यावर त्या नको म्हणाल्या. अजून ड्रेसिंग चालू आहे, म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात नवी सिस्टर होती. तिनं पट्टी काढली, पाय उलटसुलट करून पाहिला. नडगीपासून पावलापर्यंत कातडी गुलाबी आणि सुरकुतलेली होती, पण कोरडी होती. आता पट्टी नको, खोबरेल लावत जा, चालू द्या तिला, असं सिस्टर म्हणाली. मग केसपेपर भरता भरता सहज विचारलं, "पोरी, ही कोण तुझी? आजी का?"

"न्हाई," गुंजन म्हणाली. "ह्या शाळेतल्या मिनाबाई. ह्यायच्या पातेल्यात माझा पाय गेलता."

पोरीच्या आवाजात राग नव्हता. गावाचं नाव सांगावं तसं तिनं सांगितलं. सिस्टरचं पेन थांबलं. रांगेतल्या दोन बायांनी माना वळवून पाहिलं.

"व्हय," मिनाबाई म्हणाल्या. "पातेलं मी ठेवलं व्हतं."

सिस्टरनं कागद दिला. मिनाबाईंनी तो पिशवीत ठेवला आणि पिशवीतून चपलांचा जोड काढला. भाजल्यापासून पोरीच्या पायात चप्पल गेली नव्हती. त्या फरशीवर बसल्या, भाजलेलं पाऊल तळहातावर घेतलं आणि हळूच चपलेत सरकवलं. गुंजन एका पायावर उभी राहिली आणि तोल सावरायला तिनं एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

मिनाबाईंनी पट्टा एक भोक सैल केला.

"टोचते का?"

"न्हाई."

तरी त्यांनी पट्टा आणि कातडीच्या मधून आपलं बोट फिरवून पाहिलं. डोक्यावरचा हात तसाच होता. त्यांनी उठायची घाई केली नाही.