बादलीभर फुलं

"आजोबा, इथे माश्या आहेत."

मागच्या बाथरूमच्या बंद दाराआडून नातीचा आवाज आला आणि आजोबा दाराशी धावले. ही पोरगी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तर तिला सगळे भिंगरी म्हणत. एरवी घर डोक्यावर घेणारी, आणि आत्ता आवाज कसा, तर वर्गात बाई समोर उभ्या असल्यासारखा.

"किती आहेत गं?"

"खूप. बादलीतल्या फुलांवर आहेत. वर दिव्याभोवती पण आहेत."

त्या बादलीचं पाप आजोबांचंच. मागच्या सुट्टीत याच घरी भिंगरीच्या मानेला मधमाशी चावली आणि बघता बघता पोरीचं तोंड सुजलं, श्वास लागेना. डॉक्टरांनी वाचवली, पण बजावलंही, की पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. तेव्हापासून तिच्या आईच्या पर्समध्ये कायम इंजेक्शन असे. आई म्हणजे आजोबांची सून. तिने स्वच्छ सांगून टाकलं होतं, "बाबा, बाग आहे तोवर माझी मुलगी तिथे येणार नाही."

बाग कसली, माश्यांची खानावळच ती. आजोबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या; अंधारे खड्डे आणि ग्रीस, दुसरं काही पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर घरामागच्या तुकड्यात झिनिया, कॉसमॉस, सूर्यफुलं लावली. औषध कधी फवारलं नाही. मधमाश्यांना पाणी पिताना बुडायला नको म्हणून ताटलीत खडे घालून ठेवले. शेजारी म्हणायचे, "निवृत्त झाल्यावर लोक माश्या मारत बसतात, हे पाळत बसलेत." तरी सुनेचं म्हणणं मानायला त्यांनी वर्ष घालवलं, आणि नातीवाचून ते वर्ष खायला उठलं. शेवटी काल कात्रीने फुलं कापून घेतली आणि संध्याकाळपर्यंत झाडं मुळासकट उपटून टाकली.

आता शहाण्या माणसाने फुलंही कचऱ्यात टाकली असती की नाही? यांचा हात होईना. राहू देत रात्रभर पाण्यात, म्हणून बादली मागच्या बाथरूममध्ये ठेवली. तिकडे कुणी फिरकत नसे. खिडकी मात्र उघडीच राहिली. सकाळी मोकळ्या मातीवर घिरट्या घालून दमलेल्या माश्या वास काढत तिथे पोचल्या.

दुपारी सून आणि भिंगरी आल्या. मागचा उजाड तुकडा बघून सुनेलाच भरून आलं. "महिनाभर ठेवते हिला तुमच्याकडे," ती म्हणाली आणि पुढच्या बाथरूममध्ये तोंड धुवायला गेली. तेवढ्यात भिंगरी मागच्यात पळाली आणि आतून कडी लावून बसली.

आता सून ओल्या तोंडानेच धावत आली. "काय झालं?"

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. "आत माश्या आहेत. इंजेक्शन काढून ठेव."

"दार तोडा, बाबा."

"दणका बसला तर सगळ्या उठतील."

लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी दाराबाहेरून बोलण्यात त्यांची हयात गेली होती. घाबरलेला माणूस आतल्या आत काहीतरी भलतंच करून बसतो, म्हणून त्याला बोलतं ठेवायचं. पण तेव्हा आत परकी माणसं असायची. आज आत भिंगरी होती.

"भिंगरे, हळूच दाराकडे तोंड करून उभी राहा. हात खाली. मी आता दिवा घालवतोय."

"अंधार होईल."

"होऊ दे. मग खिडकीतच तेवढा उजेड राहील आणि माश्या तिकडे जातील. हलायचं नाही."

"मला शू लागलीय."

"झाली तरी चालेल, राणी."

बटण बाहेरच होतं. त्यांनी ते दाबलं. आत गुणगुण वाढली. सुनेने त्यांचा दंड असा धरला, की नखं रुतली.

"आवाज कुठून येतोय गं?"

"मागून. खिडकीकडून." मग जरा थांबून, "एक माझ्या बाहीवर बसलीय."

सुनेच्या तोंडून हुंदका निघाला, तो तिने तळहातात दाबला.

"बसू दे. तिच्याकडे बघूच नकोस. दुसऱ्या हाताने कडी काढ. अगदी सावकाश."

कडी किरकिरली आणि अडली. "निघत नाही, आजोबा."

"जरा वर उचल आणि मग सरकव. घाई नाही."

त्यांना स्वतःला मात्र क्षणभरही धीर धरवत नव्हता. कडी सरकली, दार फटीएवढं उघडलं. बाहीवरची माशी चालत चालत मनगटाशी आली होती. आजोबांनी ती चिमटीत धरली. बोटात आग शिरली, तरी माशी निपचित होईपर्यंत त्यांनी चिमूट सोडली नाही. मग नातीला बाहेर ओढून दार लावून घेतलं.

सुनेने तिला उजेडात नेलं, मान, कान, केस, सगळं चाचपून पाहिलं. कुठेही डंख नव्हता.

"मी अजिबात हलले नाही," भिंगरी म्हणाली.

सून मात्र सासऱ्यांकडे बघत होती. "बादली कुणी ठेवली?"

"मी. टाकवेनात गं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इंजेक्शन परत पर्समध्ये ठेवलं. मग हळूच म्हणाली, "रागावून नाही सांगत, बाबा. पण हिला इथे ठेवून मला झोप लागायची नाही. आता तुम्हीच येत जा आमच्याकडे."

"येईन की." सुनेच्या घरी दोनच खोल्या होत्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. "ने तिला. तुझ्या जागी मी असतो तरी नेली असती."

न उघडलेली बॅग पुन्हा गाडीत गेली. आजोबांनी सीटखाली वाकून पाहिलं, सीटवरची चादर झटकली, मागची दारं लावली.

"काच वर कर," ते म्हणाले.

भिंगरीने काच वर केली आणि आतून बोलायला लागली. हातवारे करत काहीतरी लांबलचक सांगत होती. इंजिन सुरू झालं होतं, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आजोबा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत राहिले. मग तिने काहीतरी विचारलं असावं, कारण ती गप्प होऊन त्यांच्याकडे बघत राहिली.

आजोबांनी पुन्हा मान हलवली, हो. ती खुशीत हसली आणि गाडी निघाली.