खोलीचं तापमान

आष्टी आणि आसपासच्या चार गावांत तापमानाबद्दल दैवशालाला शिकवायची कोणाची छाती नव्हती. सात वर्षं ती रेशमाचे किडे पाळत होती आणि सात वर्षांत तिची एकही बॅच उन्हाने मेली नव्हती. या किड्याचे लाड तरी किती! पारा तिशीकडे सरकला की त्याची भूक जाते, हवा कोरडी पडली की त्याचा तुतीचा पाला सुकतो, ओल जास्त झाली की रोग. दैवशाला शेडच्या दारातून आत पाऊल टाकताच हे सगळं गालाने ओळखायची आणि मग खात्री म्हणून भिंतीवरच्या तापमापीकडे बघायची. "एक डिग्री वर हाय," म्हणायची, आणि एकच डिग्री वर असायची. बाई तोंडाची फटकळ होती. पण तिच्या कोषांना जालन्याच्या बाजारात वरचा भाव मिळे, त्यामुळे नवरा भागवत आणि दीर माऊली तो फटकळपणा गोड मानून घेत.

म्हणूनच धाकट्या जावेच्या कॉम्प्युटरचा प्रश्न तिला अगदी किरकोळ वाटला.

धाकटी जाऊ अर्पिता, माऊलीची बायको, माहेर बदनापूरचं. लग्नाला दीड वर्ष झालेलं. जी इमारत अजून बांधलेलीच नाही ती पडद्यावर उभी करायची आणि बघणाऱ्याला तिच्या खोल्या-जिन्यांतून फिरवून आणायचं, असं तिचं काम. संभाजीनगरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसने तिला परीक्षा म्हणून एका शाळेचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायला दिला होता. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचची. जमलं तर घरबसल्या कायमचं काम, नाही जमलं तर पुण्यातली नोकरी तयारच होती. माऊलीलाही तिकडे काम मिळण्यासारखं होतं. म्हणजे दोघं जाणार. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

दैवशालाला ती दोघं जायला नको होती. खरं तर अर्पिताच जायला नको होती. या घरात दैवशालाशी वाद घालणारी, "असं का?" म्हणून विचारणारी ती पहिलीच. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची दैवशालाची जुनी खोड. कोणी पुण्याचा विषय काढला की ती म्हणायची, "मंग पाला तोडायला माणसं कमी पडतील."

अडचण अशी होती की अर्पिताचं मशीन चांगलं दणकट, पण ते इमारतीची चित्रं तयार करायला लागलं की सोळा बैलांचं काम एकट्याने करावं तसं तापायचं. त्याच्या प्रोसेसरचा आकडा नव्वदीच्या वर गेला की ते आधी मंद व्हायचं आणि मग सरळ बंद पडायचं. एप्रिल लागल्यापासून वरच्या पत्र्याच्या खोलीत ते रोज साडेबाराला मान टाकत होतं आणि पाचपर्यंत डोकं वर काढत नव्हतं. असेच दिवस गेले तर सोमवार गाठणं शक्य नव्हतं.

"त्याच्यावरचा पंखा बारका आहे, आक्का. मोठा बसवावा लागंल," अर्पिता म्हणाली.

"चाल, मी येते," दैवशाला म्हणाली. "गार ठेवायचं काम हाय ना? मंग ते मला कळतं."

गुरुवारी दोघी एसटीने जालन्याला गेल्या. नोमानचं दुकान छोटं, पण माल भरगच्च. तिशीतला नोमान बोलका आणि पोटात पाप नसलेला दुकानदार. त्याने काचेवर दोन खोकी उघडून ठेवली. एकात विटांच्या थप्पीसारख्या पातळ पत्र्या रचलेला वीतभर उंच ठोकळा आणि त्याला चिकटलेले दोन पंखे. दुसऱ्यात काळ्या नळ्या, हातभर लांबीची जाळी, तिच्यावर तीन पंखे.

"हा हवेवाला," नोमान म्हणाला, "यात बिघडलाच तर पंखा बिघडंल, दुसरा लावायचा. हा पाणीवाला. थोडं जास्त थंड ठेवील, पण यात पंप आला. पंप गेला की खेळ खतम. दोन्ही माल बराबर आहेत."

"मला हवेवालाच पाहिजे," अर्पिता म्हणाली.

"कामून?" दैवशालाने खांद्यावरचा पदर सारखा केला. "पाण्याबिगर गारवा कुठून यील? सात वर्षं पाहून राह्यले मी."

"आक्का, हे पाणी आपल्या शेडातल्या फॉगरसारखं तुषार होऊन उडत नाही. बंद नळीत फिरतं, मशीनची उष्णता उचलतं आणि या जाळीत नेऊन टाकतं. मग पंखे ती बाहेर फेकतात."

"मंग झालं की! पाणीबी हाय, पंखेबी हायेत. एकाच्या जागी दोन."

नोमान हसला. "ताई, आधी एक सांगा. खोली कशी आहे? कोणताही कूलर लावा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो करू शकत न्हाई."

अर्पिताने तोंड उघडलं होतं, पण तिच्याआधी दैवशालाच बोलली.

"खोली बराबर हाय. मीच दिलेली हाय."

अर्पिताने एकदा थोरल्या जावेकडे पाहिलं आणि पाणीवालं खोकं पिशवीत ठेवलं. येताना एसटीत दैवशाला खुशीत होती. खिडकीशेजारच्या बाईला तिने तीन पंख्यांतला कोणता वारा आत घेतो तेही समजावून सांगितलं, आणि ते तिला स्वतःला काहीही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अर्पिताने तो बसवला. साडेबारा वाजले, मशीन चालूच. दैवशाला शेडमधून ओरडली, "काय म्हणलं व्हतं मी?" एक वाजला, चालूच. एक वाजून दहा मिनिटांनी वरून अर्पिताचा आवाज आला, "बंद पडलं, आक्का." नळीतलं पाणी तापायला चाळीस मिनिटं जास्त लागली होती, इतकाच काय तो फरक.

दैवशालाने आधी अर्थातच नोमानला फोन लावला आणि चांगला झाडला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, पाणी कितीबी फिरवा, उष्णता टाकायला बाहेर गार हवा पायजे ना? मी त्या दिवशी खोलीचं विचारलं होतं."

तिने फोन ठेवला. मग शेडमध्ये गेली, भिंतीवरची तापमापी खिळ्यावरून काढली आणि ती घेऊन जिना चढली. भर दुपारी त्या खोलीत ती दीड वर्षात पहिल्यांदाच येत होती, कारण दुपारी ती कायम किड्यांपाशी असे.

दारातच तोंडावर भट्टीचा झोत आला. अर्पिता डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसली होती. दैवशालाने तापमापी दाराच्या कडीला अडकवली आणि उभी राहिली. दोघी पाऱ्याकडे बघत होत्या. तो चाळीसला थांबला नाही. बेचाळीसलाही नाही. सेहेचाळीसवर जाऊन टेकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाला तापमान शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातल्या या खोलीत कधी तापमापी टांगलीच नव्हती.

"अर्पे, तू बोलली कामून न्हाईस मला?"

"बोलले होते. मागच्या उन्हाळ्यात." अर्पिताच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही म्हणालात, किड्याला गारवा लागतो, माणसाचं काय, माणूस सोसतं."

दैवशालाला ते वाक्य आठवलं. अगदी कुठे उभी राहून म्हटलं होतं तेही आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली, भर दुपारी, घामाने चिंब होऊन, वाटायला पाहिजे तेवढी वाटली.

"रोग रेड्याला अन् औषध पखालीला," ती पुटपुटली. "गार करायची खोली, अन् मी गार करून राह्यले डबा. चाल, उचल ते मशीन."

"कुठं?"

"चॉकीत."

चॉकी म्हणजे शेडला लागून असलेली बारा बाय दहाची खोली. अंड्यांतून निघालेले मुंगीएवढे किडे पहिले काही दिवस तिथे वाढवतात. जाड भिंती, छताला थर्मोकोल, वर चारी बाजूंना झरोके. घरातली सगळ्यात जपलेली जागा ती, आणि सध्या रिकामी, कारण किडे मोठे होऊन शेडमध्ये गेले होते. पण आठवड्यात नवी अंडी यायची होती. दैवशालाने लगेच वडीगोद्रीच्या बद्रीनाथला फोन लावला. त्याचं चॉकी सेंटर होतं. तो बारके किडे वाढवून विकायचा.

"बद्रीभाऊ, या बारीला तुमचे वाढवलेले चॉकीचे किडे पाठवा."

तो पलीकडून हसला असावा, कारण दैवशाला तडकून म्हणाली, "हसू नका! दुसऱ्यानं वाढवलेला किडा मी आजपत्तुर घेतला न्हाई, मालूम हाय मला. आता घेऊन राह्यले."

जंतू मारायला टाकलेल्या चुन्याचा आणि ब्लीचिंगचा कण मशीनमध्ये जाऊ नये म्हणून दोघींनी चॉकी दोनदा पुसून काढली आणि शनिवारभर पंखा लावून कोरडी केली. मशीन कुठे ठेवायचं यावर पाऊण तास भांडण झालं, आणि ते दोघींना फार आवडलं. अर्पिता म्हणे जाळीचं तोंड वर, दैवशाला म्हणे वर खरं पण झरोक्याच्या बाजूला, तापलेली हवा वरच जाते, तिला वाट द्यावी लागते. शेवटी दोघींचंही खरं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता खोलीत एकतीस होतं आणि मशीनच्या पोटातला आकडा सत्त्याहत्तरच्या पुढे सरकेना. रविवार सगळा ते एका दमात चाललं. एकेक चित्र तयार होऊन साठत गेलं.

सोमवारी दुपारी पावणेतीनला लाईट गेली.

आत दीड तासाचं काम उरलं होतं. इन्व्हर्टर एकच होता आणि त्याच्यावर शेडचे फॉगर आणि पंखे चालत. सोबत मशीनही घेण्याएवढा त्याचा जीव नव्हता. शेडमध्ये किडे शेवटच्या अवस्थेत होते, चार दिवसांत कोष विणायला घेणार होते. पूर्ण बॅच एका दुपारी हातची जाऊ शकते ती याच दिवसांत. मशीन त्याच्या यूपीएसवर, म्हणजे बॅटरीच्या छोट्या डब्यावर, कसंबसं तग धरून होतं. सहा मिनिटं, फार तर सात.

अर्पिता चॉकीच्या दारात येऊन उभी राहिली. "आक्का, किड्यांचं चालू ठेवा. मी कळवते ऑफिसला."

दैवशालाने एकदा शेडमधल्या किड्यांकडे पाहिलं. तरी तिचा हात इन्व्हर्टरच्या खटक्याकडे गेला आणि तिने शेडचा खटका खाली ओढला. पंखे मंदावत थांबले.

"माझे किडे मी हातानं गार ठेवीन. तुझ्या डब्याला हातानं कोण गार करील? जा, लाव मशीन."

मग ती धावली. गोणपाटं हौदात बुडवली, खिडक्याखिडक्यांना टांगली. जमिनीवर पाणी मारलं, पण किड्यांच्या पाल्यावर थेंब पडू दिला नाही. भागवत शेतावरून पळत आला तर त्याला तुतीचा ताजा पाला आणायला पिटाळलं. वाळलं गोणपाट काढायचं, ओलं लावायचं, पुन्हा पहिल्या खिडकीपासून. सोळा खिडक्या होत्या. गालाला तीस लागले की पाय आपोआप भरभर पडत. साडेतीनला तिचे दंड भरून आले, चारला ती स्वतःशी मोठ्याने बोलायला लागली, किड्यांना शिव्या आणि विनवण्या एकदम.

सव्वाचारच्या पुढे कधीतरी पलीकडच्या खिडकीवरचं गोणपाट कोणीतरी काढलेलं तिला दिसलं. अर्पिता होती. ओलं गोणपाट दोन्ही हातांनी पेलत नव्हतं, तरी चढवत होती.

"झालं?"

"गेलं. नेट माऊलींच्या फोनवरून घेतलं. इन्व्हर्टर पण संपला. तुम्ही त्या बाजूच्या खिडक्या घ्या."

पाचच्या थोडं आधी लाईट आली आणि पंखे फिरले. दैवशाला रॅकपाशी वाकली. किडे पाला खात होते. त्यांच्या खाण्याचा तो बारीक सरसर आवाज शेडभर होता. एकही बॅच अजून उन्हाने मेली नव्हती. तेवढ्यात अर्पिताचा फोन वाजला. तिने दोन वाक्यं ऐकली, तीनदा "हो सर" म्हटलं आणि फोन ओल्या पदरात धरून उभी राहिली.

"पुढच्या दोन इमारती पाठवतायत. घरूनच करा म्हणाले. कुठूनही करा, म्हणाले."

दैवशालाला ते 'कुठूनही' बरोबर ऐकू आलं. आता पुण्यातूनही चालणार होतं. मशीन उचलून नेता येतं, माऊली पाहिजे तिकडे येईल, आणि ज्या घरात माणसाला सेहेचाळीसमध्ये बसवलं त्या घरात कोणी का राहावं? तिने पाला तोडायच्या माणसांचं काढायला तोंड उघडलं आणि तिलाच ते खोटं वाटलं.

"अर्पे, पत्र्याखाली तुला मी ठेवलं. चूक माझी हाय, भागवतरावांची न्हाई, कोणाची न्हाई. भांड माझ्याशी, वर्षभर बोलू नको, पण पुण्याला जाऊ नकोस. मला करमणार न्हाई."

अर्पिताने खांद्यावरचं ओलं गोणपाट खाली ठेवलं आणि चॉकीच्या बंद दाराकडे बघितलं.

"आणि बद्रीभाऊंच्या किड्यांनंतर पुढची अंडी आली, की खोली परत किड्यांना?"

"त्यांच्यासाठी दुसरी बांधू," दैवशाला म्हणाली. "किडे महिन्याभराचे पाहुणे. तू हाईस का पाहुणी?"

"नाही," अर्पिता म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. दैवशालाचे दोन्ही हात चुन्याने आणि चिखलाने भरले होते. तिने तिला तशीच जवळ घेतली.