चाटपूस

गोदी पुन्हा सुरू होतेय आणि क्रेनवालीला परत बोलावलंय, ही बातमी इमारतभर पसरायला कुणाला जिना चढावा लागला नाही. तिच्या सासूबाईंनी खिडकीतूनच ती वर-खाली ओरडून सांगितली. क्रेनवालीचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. गोदी बंद पडून, नोकरी जाऊन इतका काळ लोटला, तरी शेजारी तिला क्रेनवालीच म्हणत. आता त्या नावात पुन्हा जीव येणार होता, सरकारी शिध्याच्या खोक्यावर संसार ढकलणं संपणार होतं!

एकच मेख होती. क्रेनच्या उंच शिडीवर ठरावीक वजनाच्या पुढचं माणूस चढवत नाहीत. गोदीच्या डॉक्टरच्या वजनकाट्यावर तशी लाल रेघच मारलेली. सुई रेघेच्या आत राहिली तर नोकरी, नाही तर घरचा रस्ता. आणि क्रेनवाली या खोक्याच्या काळात चांगलीच भरली होती. बोलावण्याची कुणकुण लागल्यापासून ती जिने चढत-उतरत होती, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पीत होती. औषधाच्या दुकानातल्या काट्याचं ऐकायचं तर ती आता अगदी रेघेवर आली होती. तपासणी उद्या दुपारी होती.

आणि आज नेमकी चाटपूस!

सरकारची गाडी दर महिन्याला भरलेलं खोकं देई आणि आधीचं परत नेई. खोक्यात पीठ, साखर, तेल, बिस्किटं. पालेभाजीचा देठ औषधालाही सापडायचा नाही. खोक्यातलं काही उरलं तर सरकार पुढचा वाटा कापतं, असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं. सांगणारा कोण, देव जाणे, पण इमारतीने ते गाठीला बांधलं होतं. म्हणून गाडीच्या आदल्या दिवशी घरोघर कढया चढत, उरलेलं तेल-साखर तळून, पाकात घोळून फस्त होई आणि चाटूनपुसून लख्ख झालेली खोकी दाराशी लागत. हीच चाटपूस. उरलेलं डब्यात काढून ठेवू म्हटलं, की सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. सरकारशी लबाडी? सापडलो तर नावच कापतील!

"आई, मला आज नको," ताटली पुढे आली तशी क्रेनवाली म्हणाली.

"नको म्हणून कसं चालेल? एवढी साखर मी एकटी संपवू? तुझा नवरा तर केव्हाच पट्टा सैल करून आडवा झालाय."

"उद्या वजन आहे माझं."

"उद्या गाडीपण आहे! नोकरी नाही मिळाली तर हे खोकंच तारणार आहे आपल्याला. तेही कापलं तर काय खायचं, हवा? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, बाई."

क्रेनवालीने आजवर सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज तिने ताटली सरळ बाजूला सारली. "उद्या खोकं मी खाली नेते. उरलेल्या साखर-तेलासकट. गाडीवाल्याला तोंडावर विचारते. कापायचा तर माझ्यासमोर कापू दे वाटा!"

सासूबाईंचा झारा कढईवर तसाच राहिला. मग त्यांनी गॅस बंद केला.

सकाळी क्रेनवालीने पोलादी टोकाचे आपले जुने बूट चढवले. तपासणी झाली की तिला तशीच क्रेनवर जायचं होतं, एवढी घाई! खोकं घेऊन ती खाली उतरली तेव्हा प्रत्येक खिडकीत डोकी होती. गाडीवाल्याने झाकण उघडलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे काय, ताई?"

"उरलंय."

"मग घरात ठेवा की! मला नुसतं खोकं पाहिजे. साखर घेऊन मी काय करू?"

"वाटा कापणार नाही?"

"कापतील कशाला? उलट तुमच्या इमारतीची खोकी इतकी चकाचक येतात, मला वाटायचं तुम्हाला पुरतच नाही. मीच तर ऑफिसात दर वेळी भांडून तुमचं तेल-साखर वाढवून घेतलं!" तो अगदी अभिमानाने सांगत होता. "नको असेल तर बोला ना. बदल्यात भाजी मिळते. कुणी मागितलीच नाही."

वरच्या मजल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बघता बघता सगळ्या खिडक्या हसू लागल्या. पोट धरून हसायचं, तर धरायला पोटंही कमी नव्हती. "आम्हाला भाजी! आम्हालापण!" असा एकच गिल्ला झाला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल, मी येते तुझ्याबरोबर."

दुपारी गोदीवर, डॉक्टरच्या खोलीत क्रेनवाली श्वास रोखून काट्यावर चढली. सुई सरसर पुढे गेली, थरथरली आणि लाल रेघेच्या जराशी पलीकडे जाऊन थांबली.

"अहो, बुटांसकट चढलात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुटांचं वजन आम्ही धरत नाही. काढा ते."

ती वाकली. पोट आड आलं आणि बुटाच्या नाडीची गाठ काही सुटेना. तेवढ्यात सासूबाई खाली फरशीवर बसल्या.

"आई, अहो, तुम्ही माझ्या पायांना—"

"गप बस. तुला खाऊ मीच घातलं. भीतीपोटी घातलं गं." त्यांनी नाड्यांच्या गाठी सोडवल्या. "पाय उचल."

त्यांनी एक बूट ओढून काढला, मग दुसरा. क्रेनवाली पुन्हा काट्यावर चढली. सुई निघाली, रेघेपाशी आली आणि अलीकडेच थांबली.

"आत आहे ना? नीट बघा!" सासूबाई दोन्ही बूट छातीशी धरून ओरडल्या.

"आत आहे, आजी."

त्या पुन्हा फरशीवर बसल्या आणि त्यांनी बूट सुनेच्या पायांपुढे धरले. "घाल लवकर," त्या म्हणाल्या. "क्रेन थांबलीय."