वाजणारी तार

देवराम जाधवने पक्कडीचं टोक तारेवर मारलं आणि मान तिरकी करून कान दिला. तार ठणकन वाजली. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. ओळीच्या टोकाला, लोखंडी अँगलमध्ये बसवलेल्या बोल्टापाशी तो गेला, पान्याने नट अर्धा आटा आवळला आणि परत येऊन पुन्हा टिचकी मारली. आता आवाज चढा आला. तो खूश होऊन पुढच्या ओळीकडे वळला.

द्राक्षाचा मांडव तारेच्या जोरावर उभा असतो. दिंडोरीकडच्या त्या शिवारात मांडव बघायला आलेला माणूस आधी तार वाजवून बघे आणि मग वेलीकडे नजर टाके. देवरामची तार गावात सगळ्यांत चढी वाजायची. तरीही दोन वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, मालात गोडी भरत असताना, त्याच्या मांडवाची अर्धी बाजू एका सकाळी खाली बसली होती. तार कुठेतरी ढिली राहिली असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि तेव्हापासून दरवर्षी तो आधीपेक्षा जास्त आवळू लागला. तुटेपर्यंत ताणू नये, हे त्याची बायको लंकाबाई लग्नापासून सांगत आली होती. पण ती तारेबद्दल सांगत नसे आणि देवराम तारेशिवाय दुसऱ्या कशाबद्दल ऐकत नसे.

"नाना, जरा थांबा. ही पडेल," मांडवाखालून तृप्ती म्हणाली.

ही म्हणजे कोळीण. अंगावर पिवळे पट्टे असलेली, अंगठ्याएवढी. दोन तारांच्या मधोमध तिने जाळं टाकलं होतं आणि देवरामची मुलगी त्याला नाक लावून बसली होती. ती नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि घरात फराळाचा घाट सुरू असताना ही पोरगी मांडवात कोळी बघत बसलेली.

तिचं काय चाललं होतं ते देवरामला ठाऊक होतं. पोलाद, रबर, धागे, कुठली वस्तू किती ताण सोसते, हे शिकायला तिला पुढे पुण्याला जायचं होतं. दसऱ्याला तिने विचारलं आणि दसऱ्यालाच त्याने नाही म्हणून सांगितलं. पैशाचा प्रश्न नव्हता. घरातलं माणूस दिवेलागणीला घरात पाहिजे, हा त्याचा कायदा. नाशिकला ती सकाळच्या एसटीने जाई आणि संध्याकाळच्या एसटीने येई, ते त्यात बसत होतं. पुणं बसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. मांडव बसला त्या सकाळपासून जरा हात सैल सोडला की सगळं खाली येणार, ही धास्ती त्याच्या मनातून कधी गेलीच नाही.

"हा धागा पोलादापेक्षा मजबूत असतो," तृप्ती म्हणाली.

देवरामला हसूच आलं. त्याने करंगळीने जाळ्याचा एक धागा तोडून दाखवला.

"तसं नाही. जाडीला जाडी लावून बघायचं. एवढ्या बारीक पोलादाच्या तारेला करंगळी लावलीत तर तीही तुटेल."

देवराम पाना हातात धरून तसाच उभा राहिला. बोलण्यात मुद्दा होता, आणि मुद्द्याची गोष्ट ऐकू आली की त्याला ती सोडवत नसे. पुस्तकात काहीही लिहितात, असं तो म्हणाला. मग करून बघू, असं ती म्हणाली. आणि बोलता बोलता पैज लागली. धागा जिंकला तर तृप्ती पुण्याला जाणार. पोलाद जिंकलं तर पुण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. देवराम शब्दाला जागणारा माणूस, आणि पोरगीही त्याचीच.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. द्राक्षाच्या काडीचं एक दुबेळकं, म्हणजे दोन फाटे असलेली काडी, घेऊन तृप्ती कोळिणीला तिच्यावरून खाली सोडायची. कोळीण धागा सोडत उतरू लागली की तो धागा दुबेळक्यावर गुंडाळायचा. देवराम आधी लांबून बघत होता. मग त्याने सुचवलं की दुबेळकं हाताने फिरवण्यापेक्षा सायकलच्या पेडलला बांधावं. मग पेडल तोच फिरवू लागला. कोळीण दमली की तो तृप्तीला थांबवायचा आणि बांधावरून नाकतोडा पकडून आणायचा. लंकाबाईने ओट्यावरची जळमटं काढायला झाडू उचलला तर त्याने तो तिच्या हातून घेतला. आजवर औषध मारून जेवढे कोळी मारले त्यांचं पाप फेडताय का, असं तिने विचारलं. तो धाग्याकडे बघत होता. उन्हात धरला की तो सोन्यासारखा दिसायचा आणि उन्हातून काढला की दिसायचाच नाही.

पोलादासाठी त्याने मोटारसायकलच्या जुन्या क्लच केबलमधली एक बारीक तार सोडवली. मांडवाच्या मऊ तारेपेक्षा ती कितीतरी कडक. जाडी मोजायला दोघं नाशिकला गेले. तिथे द्वारका चौकात संतोषचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं आणि तांब्याची तार मोजायचा मायक्रोमीटर त्याच्याकडे असे. देवरामच्या पंपाची जळलेली मोटार तोच नवी तार भरून द्यायचा. कोळ्याच्या धाग्याची पिळलेली लड बघून तो आधी हसला, मग त्याने गिऱ्हाईक बाजूला ठेवलं आणि स्वतः मोजायला बसला. लड अजून बारीक आहे, असं त्याने सांगितलं. घरी येऊन आणखी दोन दिवस पेडल फिरलं. दुसऱ्या खेपेला जाडी जुळली.

पाडव्याच्या सकाळी ओट्यावर प्रयोग झाला. आधी क्लचची तार. वर खुंटीला एक टोक, खाली बादली, आणि तृप्ती तांब्याने बादलीत पाणी ओतत होती. तार तसूभरही हलली नाही. बादली निम्म्यावर आली, पुढे गेली, तरी तार जशीच्या तशी. आणि मग काही न सांगता, काही न दाखवता, टणकन आवाज करून तुटली. पाणी ओटाभर झालं. लंकाबाई दारातून पाय मागे घेऊन आत गेली.

मग धागा. पहिल्या तांब्यालाच लड जरा लांबली. दुसऱ्याला आणखी लांबली. बादली दोन बोटं खाली आली, मग तीन, मग चार. देवराम उकिडवा बसून बघत होता. आता तुटेल, आता तुटेल, असं त्याला प्रत्येक तांब्याला वाटे आणि प्रत्येक तांब्याला लड बादलीला आणखी थोडं उतरू देई. एकेक धागा सुटू लागला तेव्हाही बाकीच्यांनी बादली धरून ठेवली. शेवटी ती तुटली, पण बादली तेव्हा जेमतेम निम्म्यावर होती.

पोलाद जिंकलं होतं.

तृप्तीने रिकामा तांब्या उपडा ठेवला. "पुस्तकात वजनाला वजन लावलं होतं," ती म्हणाली. "पोलाद जड असतं ना, वजनाला वजन धरलं तर धागा जिंकला असता. पण मी जाडी बोलले."

"मग तसं धरू. वजन करू."

"नको. बोलले ते बोलले."

ती घरात गेली आणि आईला करंज्या लाटू लागली. दिवसभर तिने पुण्याचं नाव काढलं नाही आणि तोंडही पाडलं नाही. देवरामला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना. पोरगी एवढी सरळ ताठ उभी होती की तो तिच्याकडे बघायचं टाळू लागला. असं न वाकता, न बोलता राहायला तिला कोणी शिकवलं, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती.

भाऊबीजेच्या सकाळी तो मांडवात गेला. दव भरपूर पडलं होतं. कोळिणीचं जाळं दोन तारांमध्ये होतं आणि त्याच्या प्रत्येक धाग्यावर पाण्याचे मणी लागले होते. जाळं खाली झोळ घेऊन लोंबत होतं. एवढं वजन, आणि एकही धागा तुटलेला नव्हता. देवरामने बोटाने जाळं हळूच दाबलं. ते बोटाबरोबर खाली आलं आणि बोट काढल्यावर वर गेलं.

मग त्याने सवयीने शेजारच्या तारेला टिचकी मारली. ती ठणकन वाजली आणि त्याला जानेवारीतली ती सकाळ आठवली. त्या दिवशीही मांडव बसायच्या आधी त्याने टिचकी मारली होती आणि हाच आवाज आला होता. चढा, स्वच्छ आवाज. झोळ नाही, कुरकुर नाही. उन्हाच्या दिवसांत आवळलेली तार थंडीत आणखी आखडलेली, वरून घडांचं वजन, आणि वाकायला जागा तर त्याने ठेवलीच नव्हती. तार ढिली राहिली म्हणून मांडव पडला, असं दोन वर्षं तो स्वतःला आणि गावाला सांगत आला होता.

तो पाना घेऊन ओळीच्या टोकाला गेला.

तृप्ती चहा घेऊन आली तेव्हा त्याच्या चार ओळी झाल्या होत्या. तिने वर बघितलं. तारांना थोडासा झोळ आला होता.

"नाना, सैल करताय? लोक नावं ठेवतील."

"ठेवू दे. माल आल्यावर तारेला उतरायला जागा पायजे." त्याने चहा एका दमात संपवला, कप अँगलवर ठेवला आणि पाचव्या ओळीच्या नटाला पाना लावला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "पुण्याहून शनिवारी सुटलेली गाडी आपल्याकडं कितीला येती?"

"पैज मी हरले ना," ती म्हणाली.

"पैज तारेची व्हती. मी गाडीचं इचारतोय."

"संध्याकाळी येते. दिवेलागणीला."

"मग दर शनवारी यायचं."

"दर शनिवारी नाही जमणार, नाना. प्रॅक्टिकल असतात. महिन्यातून एकदा येईन."

देवराम थांबला. पाना नटावरच होता आणि त्याची मूठ पान्याभोवती आवळलेली होती. वरच्या तारेवरून दवाचा एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. त्याने श्वास सोडला आणि नट आणखी एक आटा सैल केला.