तीन नंबरची खुर्ची

काळूराम भोईरांना सोमवारी सकाळी महापालिकेच्या डायलिसिस केंद्रात तीन नंबरची खुर्ची मिळाली. पण ते असो. तसं काही झालंच नाही असं धरून चालू, आणि शुक्रवारपासून सुरुवात करू. शुक्रवारी त्या खुर्चीवर हरिश्चंद्र घाग बसले होते.

केंद्रात खुर्च्या पाच. सगळ्या फुकट, म्हणून सगळ्या भरलेल्या. प्रतीक्षायादीत काळूरामकाका पहिले. आयुष्यात पहिला नंबर त्यांना एकदाच मिळाला आणि तो सहा महिने हटला नाही. तोवर हाटकेशच्या खासगी दवाखान्यात ते आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून घेत. लागत होतं तीनदा. न परवडलेल्या तिसऱ्या वेळेचं पाणी पायांत साठे आणि संध्याकाळपर्यंत चप्पल एक नंबर लहान होई.

घागांची पाळी असली की काका पेणकरपाड्याहून रिक्षाने येत आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसत.

"आलात काळूशेठ? माझी तब्येत बघायला?"

"तुजी न्हाय, खुर्चीची. नीट बस, रेक्झिन फाटंल."

घाग रत्नागिरीकडचे, कारखान्यात तीस वर्षं फिटर. ते हसले की हाताच्या नळ्याही हसत. मग टेक्निशियन ऋतिका ओरडे, "काका, हात हलवू नका!"

"गावाला कवा जानार तू?" काकांनी विचारलं.

"गावी खुर्ची आहे काय? तीन गणपती इथेच झाले. सरकारनं गावोगाव खुर्च्या द्यायला पाहिजेत. मग तुम्हीपण असे गिधाडासारखे बसणार नाही."

"आमची मिठागरं होती. आमी कुनाचा मिठाचा खडा फुकट घेतला न्हाय. फुकटचं टिकत न्हाय."

"मग यादीत नाव कशाला?"

"इकतचं बी टिकलं न्हाय," काका म्हणाले. "जमीन सगली त्या मशिननं पिली."

हा सामना प्रत्येक वेळी असाच बरोबरीत सुटे.

खुर्ची रिकामी व्हायला एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यात काळूरामकाकाच आडवे पडले होते. घागांना ते सारखे बजावत, पाणी मोजून पी. सुकट बंद कर. बायकोला, इंदुबाईंना, सांगून ते अळणी भाकऱ्या दोघांच्या करून आणत. खुर्चीवरच्याची इतकी काळजी घेणारा पहिला नंबर त्या यादीने पाहिला नव्हता.

"मिठागरवाले," त्या शुक्रवारी घाग म्हणाले, "एक खडा आणा की मिठाचा. खायला नको. नुसता बघायला."

"सोमवारी आनतो. चाटलास तर बघ."

सोमवारी सकाळी ऋतिकाचा फोन आला. "काका, या. खुर्ची खाली झाली."

"गावी गेला?"

"नाही हो काका. काल दुपारी ते..."

"म्हंजे गावीच गेला," काकांनी ठरवलं आणि फोन ठेवला.

खडा खिशात टाकून ते केंद्रात आले आणि नेहमीच्या स्टुलावर बसले. खुर्चीवर धुतलेली चादर होती.

"काका, वर बसा ना. मशीन लावून ठेवलीय."

"बसलोय न इथं. तो आला का मला उठायला लागंल."

ऋतिकाने चादरीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "पाय बघा तुमचे. बसा. नाहीतर मला यादीतल्या दोन नंबरला फोन करावा लागेल."

काका बसले. सुई टोचायला ऋतिकाने मूठ उघडायला सांगितली तेव्हा आत मिठाचा खडा निघाला. तिने तो काढून त्यांच्या खिशात ठेवला. पुढचे चार तास ते शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते.

घरी गेले तेव्हा अंग हलकं झालं होतं. चप्पल पायात सैल होत होती, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. त्यांनी नातीला, चांदणीला, कागद घेऊन बसवलं.

*प्रति, मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी साहेब. विषय: नंबर परत मिळणेबाबत.*

*महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, खुर्ची क्रमांक तीन पूर्ववत श्री. हरिश्चंद्र घाग यांच्या नावे करण्यात यावी व मला प्रतीक्षायादीत पुन्हा पहिल्या क्रमांकावर घेण्यात यावे. मला घाई नाही. सोबत मिठाचा एक खडा जोडला आहे. तो त्यांना दाखवण्यात यावा.*