राहिलेला सवाल

बमरोलीच्या गल्लीत सरलाबाईंचं घर म्हणजे घर नव्हतं, कचेरी होती. भाजीत मीठ किती, पंखा कितीवर, मुलाने, महेशने, कोणता शर्ट घालायचा, सगळं बाई ठरवत. शाळा दुसरीपर्यंत, पण हुकूम कलेक्टरचा. नवऱ्यामागे साक्रीहून सुरतेला आल्या, साड्यांना टिकल्या चिकटवून पोरं वाढवली, आणि तेव्हापासून त्या घरात कोणाला स्वतःचं मत लागलंच नव्हतं.

मग नातीचा बाप्तिस्मा तरी दुसरं कोण ठरवणार? धनश्री एकोणीसची झाली होती, मिलमध्ये साड्यांच्या डिझाइनचं काम करत होती. बाईंनी तारीख धरली, पांढरा ड्रेस शिवून घेतला, गावाकडे निरोप धाडला. सतरा माणसं यायला कबूल झाली. राहिला होता फक्त मंडळीचा, म्हणजे त्यांच्या चर्चचा, रिवाज: आठवडाभर आधी पास्टर सगळ्यांदेखत एक सवाल विचारतात.

त्या रविवारी पास्टर योगेंद्र यांनी विचारलं, "धनश्री, बाप्तिस्मा स्वतःच्या मनानं घेतेस ना?"

"नाही, पास्टर," पोरगी म्हणाली. "आजीने सांगितलं म्हणून."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी वळून पाहिलं, तर अख्खा बाक प्रार्थनेत बुडालेला.

"मग थांबू या," पास्टर म्हणाले.

उपासना संपताच बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "सतरा माणसांना काय सांगू? पोरीच्या मनाला अजून जाग आली नाही म्हणून?"

"तसंच सांगा, मावशी. ढकलून पाण्यात उतरवलं तर माणूस नुसतं ओलं होतं."

"देवाला मनाची एवढी काळजी होती, तर पहिल्या माणसांना ज्याचं फळ मना केलं, बागेतल्या त्या झाडाला कुंपण घालायचं होतं. मी असते तर काटेरी तार मारली असती."

"म्हणूनच तुम्हाला माळी केलं नाही," पास्टर हसले. "तारेच्या आत कैदी राहतात, मावशी. त्याला लेकरं हवी होती."

काय ही माणसाची जीभ, बाईंना वाटलं. आणि जिभेतलं त्यांना कळत होतं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "आजपासून ज्याने त्याने आपल्या मनाचं करा. मी बोलणार नाही."

आणि नाही बोलल्या. सुनेने, लीलाने, मीठ कोणी सांगितलं नाही म्हणून घातलंच नाही. महेश तीन दिवस त्याच शर्टात कामावर गेला. बाई गप्प, फक्त पेला असा आदळत की शेजारच्या घरातलं बाळ दचकून उठे.

गुरुवारी संध्याकाळी बाई साडीला टिकल्या लावत बसल्या होत्या. धनश्री शेजारी येऊन बसली. "आजी, तुझं गप्प बसणंसुद्धा हुकूमच आहे. आधीचा हुकूम निदान ऐकू तरी यायचा."

"मग काय, जीभ कापून देऊ हातात?"

"एवढंच सांग. मी नाहीच म्हटलं, कधीच नाही, तर काय करशील?"

बाईंच्या जिभेवर पाच-सहा उत्तरं तयार होती, एकाहून एक धारदार. पण पोरगी सरळ डोळ्यांत बघत होती.

"रडेन," बाई म्हणाल्या. "दोन दिवस जेवणार नाही. मग जेवेन. तुलाही वाढीन."

"पहिल्यासारखंच?"

"पहिल्यासारखंच. फुगलेली भाकरी तुलाच."

"आणि टोमणे?"

"त्यात काही कमी होणार नाही."

धनश्री हसली. मग म्हणाली, "तुला विचारलं होतं का गं कोणी?"

बाईंचा हात थांबला. बोटावरची टिकली बोटावरच राहिली.

"विचारलं होतं. गावच्या नदीत, पांझरेच्या पाण्यात उभी होते, सोळा वर्षांची, लग्न नुकतंच झालेलं. मागे सासू. सवाल संपायच्या आत तिने चिमटा काढला आणि माझ्या तोंडून 'हो' निघालं."

"म्हणजे एवढी वर्षं त्या चिमट्यावर?"

"चिमटा दोन दिवसांत मावळला, पोरी. एवढी वर्षं देवाला मी धरून आहे ती काय त्याच्यामुळे?" बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. असं त्यांनी कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "गावाकडे दाव्याला वासरू असायचं. बांधलेलं असलं की वाटेल तिकडे ओढ घ्यायचं. सोडलं की सरळ आईकडे. हाकलावं लागायचं नाही. तेव्हाच खरं मोकळं दिसायचं ते." टिकली साडीवर दाबत त्या म्हणाल्या, "जा आता. तुझं तू बघ."

रविवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. सतराच्या सतरा माणसं उतरली. गावाला 'येऊ नका' म्हणून कळवायचं कोणी? बाईंनी सांगितलं नव्हतं, आणि त्या घरात न सांगता काही होत नव्हतं.

बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "नातीचं ठरलेलं नाही. जेवण ठरलंय. तिला कोणी एका शब्दाने विचारलं, तर त्याच्या ताटात वरण पडेल, मटण नाही."

कोणी विचारलं नाही.

मंडळीत उपासना संपत आली तशी धनश्री आपणहून उठली. पांढरा ड्रेस घरीच होता. अंगात रोजचा निळा. पास्टरांनी सवाल विचारला.

"हो," ती म्हणाली. "आज कोणीच सांगितलं नाही."

हॉलमागच्या सिमेंटच्या टाकीत तिचा बाप्तिस्मा झाला. ती पाण्यातून निघते न निघते तोच सरलाबाई पुढे झाल्या.

"पास्टर, मलाही विचारा."

"मावशी, तुमचा बाप्तिस्मा झालाय की."

"पाणी झालंय. सवाल राहिलाय."

पास्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. विचारलं, जसं पोरीला विचारलं होतं तसंच. बाईंनी आधी मागे वळून पाहिलं. मागे ओलीचिंब धनश्री होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून.

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्या मनानं."

घरी मटण शिजत होतं. लीलाने सवयीने विचारलं, "आई, मीठ किती?"

"तुझं मन काय म्हणतं?"

लीलाच्या मनाने मूठभर म्हटलं. सतरा माणसं पाण्याचे तांबे रिकामे करत जेवली. बाईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक वेळी टोमणा मारला.